वसुलीवाला म्हणतो शिलाई मशीन उचलून नेईन. खरंच नेता येतं का? (सिडको, नाशिक)

सुईदोरा
२७ जानेवारी, रात्री ११:१८

मोठं लिहिलंय, माफ करा. तुकड्यातुकड्यात सांगितलं तर अर्धं राहून जातं.

मी सिडकोत, पवननगरला राहते. घराच्या पुढच्या खोलीतच ब्लाउज-ड्रेस शिवते. दोन मशिनी आहेत, एक मोटर बसवलेली साधी आणि एक इंटरलॉक. मिस्टर अंबडला कंपनीत कंत्राटी होते. जूनच्या पहिल्या पावसात पाथर्डी फाट्याला त्यांची गाडी घसरली, पायात रॉड टाकावा लागला. कंत्राटी माणूस घरी बसला की पगार बंद. चार महिन्यांनी काठी टेकत गेले तर त्यांच्या जागेवर दुसराच मुलगा उभा.

कर्जं दोन आहेत. पहिलं महिला गटाचं, ५०,००० चं. महिन्याला २,६५०, चोवीस हप्ते. त्यातले तेरा भरले, एक दिवस मागेपुढे नाही. दुसरं दवाखान्याच्या वेळी मोबाइलवर अ‍ॅपमधून काढलं. मंजूर ३०,०००, हातात आले २७,३००, बाकीचे प्रोसेसिंगचे म्हणून कापले. हप्ता ३,७६०, नऊ हप्ते. चार भरले. दिवाळीपर्यंत ओढलं, कानातले मोडले, मग दम संपला. ५ नोव्हेंबरपासून दोन्हीकडचे तीन-तीन हप्ते थकलेत. पैसे घेतलेत, द्यायचेत, ते मी नाकारतच नाही. पण महिन्याला दोन्ही मिळून ६,४१० निघत नाहीत. लग्नसराईचं काम धरून ३,००० निघतात.

गटाच्या मीटिंगला मी तिन्ही महिने गेले. रिकाम्या हाताने गेले, पण गेले. जानेवारीच्या मीटिंगला कंपनीच्या सरांनी आतून कडी लावली आणि बाकीच्या नऊ जणींना म्हणाले, "हिचे आल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही." एक जण तर बाळ शेजाऱ्यांकडे झोपवून आलेली होती. शेवटी चौघींनी अडीचशे-अडीचशे काढून हजार रुपये दिले तेव्हा कडी उघडली. त्या हजाराची पावती अजून मिळालेली नाही. त्या चौघींतली एक माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

तरी शनिवारी दुपारी घरी एक माणूस पाठवलाच. त्याने हेल्मेट काढलं आणि सरळ कापायच्या टेबलावर, एका गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाउजपीसवर ठेवलं. हेल्मेटच्या कडेला काळं ग्रीस. मी म्हटलं, दादा, तेवढं उचला. तर म्हणतो, "उद्या मशीनच उचलणारे, हेल्मेटचं काय घेऊन बसलीस." जाताना माझ्या गळ्याकडे बघून म्हणाला, "गळ्यात आहे की. मग पैसे नाहीत कसे?"

अ‍ॅपवाल्यांना तर तोंडच नाही, नुसता आवाज. रात्री ९:४० ला फोन, सकाळी ६:५० ला फोन. माझ्या मोबाइलमधले नंबर त्यांना कुठून मिळाले कोण जाणे. सिन्नरला सासूबाईंना फोन केला. मग माझ्या एका गिऱ्हाईक बाईंना: "तुमची टेलर फ्रॉड आहे, तिला कापड देऊ नका." बाई चांगल्या, स्वतः येऊन मला सांगितलं. पण दिलेले तीन ब्लाउजपीस परत घेऊन गेल्या.

काल व्हॉट्सअ‍ॅपवर "अटक वॉरंट" आलं. वर सिंहांचं चित्र, खाली दोन गोल शिक्के, आणि "जिल्हा सत्र न्यायालय नाशिक, मुंबई". आज संध्याकाळी पाचपर्यंत २७,९०० भरा, नाहीतर पोलीस येतील. पाच वाजून गेले, कोणी आलं नाही. पण तेव्हापासून गल्लीत गाडी थांबली की माझा पाय मशीनवरून निघतो. एक बाही उलटी जोडली, ती उसवत बसलेय आणि हे लिहितेय.

मशीन नेता येतं का? पोलीस येतात का? मिस्टरांच्या नावावर कर्ज नाही, त्यांना काही करतील का?

गोदाकाठ_७७
२७ जानेवारी, रात्री ११:५१

ताई घाबरू नका. सिम बदला, अ‍ॅप उडवा, विषय संपला. माझ्या मेहुण्याने तेच केलं.

माजी_फील्डबॉय
२८ जानेवारी, सकाळी ७:०५

वरच्या भाऊंचं ऐकू नका ताई. सिम बदललं की कागदावर "ग्राहक फरार" असं चढतं, आणि उद्या खरी नोटीस आली तर तुम्हाला कळणारही नाही. शिवाय सासूबाईंचा आणि गिऱ्हाइकांचा नंबर तर त्यांच्याकडे राहतोच. तुम्ही सापडला नाहीत की त्यांचा छळ वाढतो.

मी सहा वर्षं वसुलीत होतो. नाशिक रोडपासून ओझरपर्यंतचा पट्टा माझ्याकडे. आता किराणा पोचवतो, पैसे कमी मिळतात पण झोप लागते.

तुमची ५ नोव्हेंबर ही तारीख वाचली आणि सगळं कळलं. त्यात ९० दिवस मिळवा. ३ फेब्रुवारी येते. ९० दिवसांच्या वर थकबाकी गेली की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं, कंपनीला त्यापोटी पैसे बाजूला ठेवावे लागतात, मॅनेजरला वरून शिव्या बसतात. आमच्या भाषेत तुम्ही तिसऱ्या बकेटच्या, म्हणजे ६१ ते ९० दिवस थकलेल्यांच्या गटाच्या, टोकाला आहात. शनिवारचा तो हेल्मेटवाला, कालची पाचची मुदत, सगळं त्या ३ तारखेसाठी चाललंय. वर महिनाअखेर. पोरांना पगार नावाला असतो, कमाई सगळी इन्सेंटिव्हची, आणि २५ तारखेनंतर आम्ही माणसात नसायचो. ३ तारखेनंतर तुमचं सिबिल आणखी खराब दिसेल हे खरं, पण घर कोसळत नाही.

"अमुक तारखेला भरते" असं तुमच्याकडून वदवून घेतात ना, त्याला पीटीपी म्हणतात. ते लगेच सिस्टीमला चढतं. त्या दिवशी पैसे आले नाहीत की पुढचा माणूस "तुम्ही शब्द फिरवला" म्हणून दुप्पट जोरात बोलतो. त्यामुळे पाळता येणार नाही अशी तारीख तोंडातून काढू नका, कितीही वेळ लाइनवर धरलं तरी.

वॉरंटचं विचाराल तर आमच्या ऑफिसात एकाच्या मोबाइलमध्ये साचाच तयार असायचा. नाव बदलायचं आणि पाठवायचं. एकदा नांदगावच्या माणसाला पाठवलं आणि खाली आधीच्या माणसाचं नाव तसंच राहिलं. तो माणूस हुशार, त्याने पाठवणाऱ्यालाच फोन करून विचारलं की मी नक्की कोण आहे.

आता काम सांगतो. कोणी दारात आला की पहिलं वाक्य एकच: "ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र दाखवा." दोन्ही जवळ बाळगणं त्याला बंधनकारक आहे. वसुलीच्या पोरांसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची डीआरए म्हणून परीक्षा असते. माझ्याकडे पहिली दोन वर्षं ते सर्टिफिकेट नव्हतं, कोणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी गाडीला किक मारली असती.

आणि रोख कोणाच्याही हातात नाही. त्याच्या स्वतःच्या नंबरवर तर अजिबात नाही. तुमच्या त्या हजाराचं मला काही बरं वाटत नाहीये. पावती मागा.

सरळ_हिशेब
२८ जानेवारी, सकाळी ९:२२

कायदा, हक्क सगळं ठीक. कर्ज घेताना गोड लागतं. बुडवणाऱ्यांमुळे आमच्यासारख्या वेळेवर भरणाऱ्यांचं व्याज वाढतं. त्या पोरांनाही पोट आहे.

सुईदोरा
२८ जानेवारी, सकाळी ९:४०

दादा, तेरा अधिक चार, सतरा हप्ते मी एक दिवस न चुकवता भरलेत, तेव्हा कोणी घरी येऊन शाबासकी दिली नाही. पुढचेही भरणार आहे. त्या पोराला पोट आहे म्हणून त्याने पैठणीवर हेल्मेट ठेवायचं का, एवढंच विचारतेय.

फील्डबॉय भाऊ, ३ तारखेचं वाचून रात्रीनंतर पहिल्यांदा श्वास खाली गेला.

सीबीएसचा_वकील
२८ जानेवारी, दुपारी २:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, म्हणून क्रम इकडेतिकडे होईल.

हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे. त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत, आणि कोर्ट तर व्हॉट्सअ‍ॅपवर वसुलीवाल्याच्या नंबरवरून वॉरंट पाठवत नाहीच नाही. खरी केस असेल तर तिला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर जिल्हा नाशिक निवडून स्वतःचं नाव टाका, काही असेल तर दिसेल. "नाशिक, मुंबई" असं कोर्ट मी पंचवीस वर्षांत पाहिलेलं नाही.

एक अपवाद मात्र नीट समजून घ्या, कारण "कर्जात फौजदारी होतच नाही" असं सांगणारेही बरेच भेटतात. तुम्ही चेक दिला असेल आणि तो परत गेला, तर परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ लागतं. तुमच्या खात्यातून आपोआप हप्ता कापायची जी नॅचची परवानगी दिलीय, ती पैशाअभावी परत गेली तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली तशीच तक्रार होऊ शकते. त्याआधी लेखी मागणीची नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पैसे द्यायला पंधरा दिवस असतात. तेव्हा पोस्टाने वकिलाची नोटीस आली तर चुलीत घालू नका, घेऊन या. कोर्टाचं समन्स आलं तर तारखेला हजर राहा. खोट्या कागदांची भीती वाटून वाटून लोक खऱ्या कागदाकडेही बघेनासे होतात, आणि तिथे फसतात.

आता मशीन. गटाचं कर्ज बिनतारणी असेल तर त्या हेल्मेटवाल्याला घरातली सुईसुद्धा उचलता येत नाही. उचललीच तर ती चोरी किंवा जबरी चोरी. कंपनीला वसुली करायची तर दावा लावावा लागेल, हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) मिळवावा लागेल, मग दरखास्त (त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), मग बेलिफ (जप्तीला येणारा कोर्टाचा माणूस). आणि बेलिफ आला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आडवं येतं. कारागिराची अवजारं जप्त होत नाहीत. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, हेही जप्तीतून वगळलेलं आहे. १९०८ चा कायदा आहे हा. तुमच्या गळ्यात काय आहे ते बघणाऱ्याला तेवढं सांगा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, ते कलम ५६. फक्त एक तपासा: मशीन याच कर्जातून घेतलंय आणि कागदावर तेच तारण लिहिलंय असं नाही ना? तसं असेल तर चित्र वेगळं. तरीही परस्पर दांडगाईने ओढून नेता येत नाहीच. गाडी-बिडी उचलायला गुंड पाठवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर यांच्या खटल्यात चांगलंच सुनावलं आहे.

मिस्टर सहकर्जदार किंवा जामीनदार नसतील तर त्यांचा संबंध नाही. सासूबाईंचा तर नाहीच. जामीनदार म्हणून सही असेल तर मात्र कर्जदाराइतकीच जबाबदारी येते, तेव्हा दोन्ही करारांच्या प्रती काढून बघा. गटातल्या बाकीच्या बायकांनी एकमेकींसाठी काय सही केलीय तेही बघा. सही काहीही असो, कडी लावून कोंडून ठेवायचा अधिकार त्यातून मिळत नाही. भारतीय न्याय संहितेत तो गुन्हा आहे, कलम १२७.

कामाची गोष्ट पुढे आहे. घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर बिनतारणी कर्ज हे मायक्रोफायनान्स धरलं जातं, अ‍ॅपवरून घेतलेलं असलं तरी. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे नियम आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. (इतर कर्जांना ८ ते ७.) शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना-मित्रांना त्रास, चारचौघांत बेइज्जती, काहीही चालत नाही. वसुली ठरलेल्या ठिकाणीच. कर्जदार लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तिथे आलाच नाही, तरच घरी किंवा कामाच्या जागी जाता येतं. तुम्ही तिन्ही मीटिंगला गेलात. रिकाम्या हाताने गेलात म्हणून लाजताय, पण तीच हजेरी तुमच्या बाजूने बोलतेय. मीटिंगच्या वहीत सही असेल तर तिचा फोटो काढून ठेवा.

कोर्टाची वेळ झाली. संध्याकाळी उरलेलं लिहितो.

द्राक्षबाग_निफाड
२८ जानेवारी, सायंकाळी ५:३०

वकील साहेब येईपर्यंत आमच्याकडचं सांगतो. इथं कंपनी नाही, सावकार. चुलत्याने छाटणीच्या वेळी पैसे घेतले, कोरा चेक आणि कोरा स्टँप देऊन बसला. महिन्याला शेकडा पाच. म्हणजे वर्षाचे साठ टक्के! परवानाधारक सावकाराला बिनतारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला १२ टक्के आणि तारण असेल तर ९ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे आम्हाला चार वर्षांनी कळलं. याला परवानाच नव्हता. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा आहे, बिनपरवाना धंद्याला पाच वर्षांपर्यंत कैद. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करायची, पोलिसांत गेलो तर ते तिकडेच पाठवत होते. सावकारीत जमीन लिहून घेतली असेल तर पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार रद्द होऊन जमीन परत मिळू शकते. आमची वाचली, चेक मात्र त्याने आधीच वटवायला टाकला होता, ती भानगड अजून चालू आहे.

ताई, तुमचं निदान कागदावर तरी आहे.

सीबीएसचा_वकील
२८ जानेवारी, रात्री ८:५०

अ‍ॅपबद्दल. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने मोबाइलमधल्या नंबरांच्या यादीत, फोटोंत, कॉलच्या नोंदीत हात घालायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासूनच सांगितलंय आणि २०२५ च्या निर्देशांत ते कायम आहे. अ‍ॅप नुसतं दुकान असतं, मागे कुठलीतरी बँक किंवा फायनान्स कंपनी असावीच लागते. तिचं नाव आणि तक्रार अधिकाऱ्याचा फोन-ईमेल तुमच्या "की फॅक्ट स्टेटमेंट"मध्ये (कर्जाच्या अटींच्या गोषवाऱ्यात) मिळेल, कर्ज मंजूर होताना आलेल्या ईमेलमध्ये शोधा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा अ‍ॅपची यादीही आहे. यादीत नसेल आणि मागे कोणीच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्याच "सचेत" पोर्टलवर तक्रार करा.

मागे कंपनी सापडली तर तिला ईमेल करा. भाषेची सजावट नको. कर्ज क्रमांक, कोणत्या नंबरवरून किती वाजता फोन आला, कोणाला काय बोलले, खोट्या वॉरंटची प्रत. शेवटी दोन मागण्या: खात्याचा संपूर्ण उतारा द्या, आणि मी महिन्याला इतके भरू शकते, तसे हप्ते बांधून द्या. उतारा का, तर थकले तीन हप्ते, राहिलेले सगळे धरले तरी पाच म्हणजे १८,८००. मग २७,९०० आले कुठून? दंडाला आता व्याज म्हणून लावता येत नाही आणि दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवता येत नाही, हा ऑगस्ट २०२३ चा आदेश आहे.

तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. सीएमएस पोर्टलवर तक्रार फुकट होते, वकील लागत नाही, अडलं तर १४४४८ वर विचारा. पोलिसांत जायला मात्र तीस दिवस थांबायचं कारण नाही. भारतीय न्याय संहितेत धमकी कलम ३५१, पोलीस असल्याचं सोंग २०४, बनावट कागद ३३६. ऑनलाइन भागासाठी सायबर हेल्पलाइन १९३० किंवा सायबर पोलीस ठाणं. तुमच्या ठाण्यात बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील. नाक मुरडू नका, तिची प्रत घ्या, पुढे जोडायला उपयोगी पडते. फोनचं रेकॉर्डिंग केलं असेल तर ते ज्या मोबाइलमध्ये आहे तो विकू नका, रिसेट करू नका.

पैसे नाहीत म्हणून वकील नको असं करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच आहे. बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

सुईदोरा
३१ जानेवारी, रात्री १०:०२

भाच्याकडून ईमेल टाइप करून घेतला. तो "आदरणीय महोदय, सविनय" असं लिहायला लागला, मी म्हटलं वकील साहेबांनी सजावट नको सांगितलंय. कॉलची यादी काढली तर एका आठवड्यात ६३ फोन. त्यातले २९ संध्याकाळी सहाच्या नंतरचे.

मशीन तारण नाही. करार वाचला. पहिल्यांदाच वाचला, खोटं कशाला बोलू.

सायबरला दोन तास बसले. साहेबांनी वॉरंट बघितलं, शेजारच्यांना दाखवलं, दोघं हसले. मला नाही हसू आलं. पण अर्ज घेतला, माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. आपल्या ठाण्यात एनसी झाली, हेल्मेटवाल्याची.

आणि तो आज परत आला. मी दारातच उभी राहिले, ओळखपत्र मागितलं. त्याने गळ्यातलं कार्ड दाखवलं, मुदत ऑगस्टमध्ये संपलेली. अधिकारपत्र "गाडीत आहे" म्हणाला. मी म्हटलं, आणा की, मी इथेच आहे. गाडीपर्यंत गेला आणि तसाच गेला. जाताना बघितलं, त्याच्या शर्टाचं दुसरं बटण एका धाग्यावर लटकत होतं. शनिवारीही तसंच होतं.

माजी_फील्डबॉय
३१ जानेवारी, रात्री १०:३०

गाडीत काही नव्हतं ताई. गाडीत कधीच काही नसतं.

सुईदोरा
४ मार्च, दुपारी ३:१०

खूप जणांनी पुढे काय झालं विचारलं म्हणून.

गटाच्या कंपनीचा वीस दिवसांनी फोन आला, मग मॅनेजर बाई स्वतः शाखेत भेटल्या. नीट बोलल्या. १,७०० प्रमाणे वीस हप्ते करून दिले. हिशेब केला, एकूण जास्त जातात, मला कळतं. पण महिन्याचं जमतं. तोंडी नको म्हटलं, पत्रावर सही-शिक्का घेतला. मीटिंगचे सर बदललेत. नवीन सर कडी लावत नाहीत, खुर्चीपण स्वतः उचलतात.

अ‍ॅपच्या कंपनीने "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढी एक ओळ पाठवली. तीस दिवस झाल्यावर लोकपालाच्या पोर्टलवर तक्रार टाकली. क्रमांक आलाय, निकाल नाही. पण तक्रार टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा न मागता उतारा आला बघा! पाच हप्त्यांचे १८,८०० आणि चार बाउन्सचे ५९० प्रमाणे २,३६०. एकूण २१,१६०. २७,९०० हा आकडा त्यात कुठेच नाही. रात्रीचे फोन बंद आहेत. सासूबाईंना एकदा आला होता, त्यांनी त्यालाच लग्न झालंय का विचारलं.

आता तो फोनवाला म्हणतो १५,००० एकरकमी द्या, खातं बंद करतो. घ्यावं का? एवढे आहेत कुठे, पण विचारून ठेवते.

माजी_फील्डबॉय
४ मार्च, दुपारी ४:००

एकरकमी केलं की सिबिलवर "सेटल्ड" दिसतं, "क्लोज्ड" नाही. पुढे दुकानासाठी कर्ज लागणार असेल तर तो शब्द आडवा येतो. करायचंच असेल तर आधी कंपनीच्या ईमेलवरून पत्र, मग पैसे, तेही कर्जखात्यातच, मग थकबाकी नसल्याचा दाखला. या क्रमात एकही पायरी उलटी नको.

हजाराची पावती आली का?

सुईदोरा
४ मार्च, दुपारी ४:२५

आली, नवीन सरांनी शोधून दिली. माझ्याच नावाने जमा आहे, म्हणजे चौघींचे अडीचशे-अडीचशे माझ्याकडे येणं राहिलं. रोख द्यायला जमत नाही म्हणून त्यांना ब्लाउज शिवून देतेय. तिघींचे झाले. जी बोलत नाही तिने अजून माप दिलेलं नाही.